पाच पहिले शनिवार: फातिमा मातेची ही भक्ती नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

‘फातिमा मातेचे पाच शनिवार करायचेत, पण नेमकं काय करायचं?’ हा प्रश्न मला वर्षातून निदान चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक छोटं छापील पत्रक असतं. त्यावर चार ओळींत चार गोष्टी: कन्फेशन म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, कम्युनियन म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पवित्र भाकर घेणं, रोझरी म्हणजे मरियामातेची जपमाळ, आणि पंधरा मिनिटांचं मनन. खाली मोठ्या अक्षरांत वचन. पत्रकात चूक काही नसते. पण ते वाचून माणूस लगेच हिशेबाला लागतो: कन्फेशन झालं, कम्युनियन झालं, रोझरी झाली, पंधरा मिनिटं झाली, एक शनिवार संपला, चार उरले. या भक्तीचा जीव त्या हिशेबात नाही. तो कुठे आहे ते आधी सांगते, मग एकेक पाऊल टाकू.

ही मागणी आली कुठून

१९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमाजवळ, कोवा दा इरिया नावाच्या माळावर, मेंढरं राखणाऱ्या तीन लेकरांना मरियामातेचं दर्शन झालं. लुसिया दहा वर्षांची होती. बाकीची दोघं तिची आतेभावंडं: फ्रान्सिस्को आठ वर्षांचा आणि जसिंता सात वर्षांची. १३ मेपासून १३ ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या १३ तारखेला माता येत राहिली. फक्त ऑगस्टमध्ये त्या दिवशी अधिकाऱ्याने मुलांना पकडून नेलं होतं, म्हणून ते दर्शन १९ तारखेला वालिन्योस या ठिकाणी झालं. रोज रोझरी करा, हे मातेने प्रत्येक भेटीत सांगितलं. जुलैच्या भेटीत मात्र ती आणखी एक गोष्ट बोलून गेली: पहिल्या शनिवारी परिमार्जनाचं, म्हणजे झालेल्या अपराधांची भरपाई म्हणून घेतलेलं, कम्युनियन मागायला मी पुन्हा येईन.

ती आली, पण आठ वर्षांनी. तोपर्यंत फ्रान्सिस्को आणि जसिंता दोघेही गेले होते, तो १९१९ मध्ये आणि ती १९२० मध्ये. एकटी उरलेली लुसिया अठरा वर्षांची झाली होती आणि स्पेनमधल्या पोंतेवेद्रा इथे सेंट डोरोथीच्या भगिनींच्या मठात दाखल झाली होती. १० डिसेंबर १९२५ रोजी तिच्या खोलीत मरियामाता प्रकटली, सोबत बाळ येशू होता. मातेच्या हातात एक हृदय होतं, भोवती काट्यांनी वेढलेलं. आधी बोलला तो बाळ येशू. त्याच्या बोलण्याचा आशय असा: तुझ्या आईच्या हृदयाची कणव येऊ दे. कृतघ्न माणसं क्षणोक्षणी त्यात काटे रोवतात आणि ते काढायला कोणीच नाही.

मग मातेने मागणी सांगितली. सलग पाच महिने, पहिल्या शनिवारी, कन्फेशन करावं, कम्युनियन घ्यावं, रोझरी म्हणावी, आणि रोझरीच्या रहस्यांवर (म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर) मनन करत पंधरा मिनिटं माझी सोबत करावी. हे सगळं माझ्या हृदयाला झालेल्या जखमांचं परिमार्जन म्हणून करावं. जे असं करतील त्यांच्या मरणसमयी, तारणाला लागणारी सारी कृपा घेऊन मी त्यांच्याजवळ असेन.

त्यातला ‘सोबत’ हा शब्द धरून ठेवा. आजारी माणसाजवळ रात्री सोबतीला कोणी थांबतं, त्याला आपण तोच शब्द वापरतो. थांबणारा फार काही करत नाही, उशाशी बसतो. पण तो आहे म्हणून दुखणाऱ्याला बरं वाटतं.

फातिमाची दर्शनं विश्वासार्ह आहेत असं, फातिमा ज्या धर्मप्रांतात येतं त्या लैरियाच्या बिशपांनी १९३० मध्ये जाहीर केलं आणि पहिल्या शनिवारांच्या भक्तीला त्यांनी १९३९ मध्ये मान्यता दिली. तरी हे खासगी प्रकटीकरण आहे. शुभवर्तमानात जे आहे त्यात ते काही भर घालत नाही आणि ते मानलंच पाहिजे अशी सक्ती चर्च कोणावर करत नाही. ही भक्ती केली नाही म्हणून कोणी कमी प्रतीचा ख्रिस्ती ठरत नाही. मनापासून करावीशी वाटली तर करावी.

आधी हेतू

चारही गोष्टी एका हेतूने बांधलेल्या आहेत, तो म्हणजे मरियेच्या निष्कलंक हृदयाचं परिमार्जन. हा शब्द जड वाटला तर असं समजा: घरातल्या एकाने आईला बोल लावला आणि दुसरा मुलगा मुकाट तिच्या शेजारी जाऊन बसला. बोललेले शब्द त्याला परत घेता येत नाहीत. पण आईचं दुखणं त्याने आपलं मानलं. आणि खरं सांगायचं तर, लावलेल्या बोलांत आपलेही असतातच.

हेतू मनात धरायला ठरलेली प्रार्थना नाही. शुक्रवारी रात्री झोपताना किंवा शनिवारी उठल्याबरोबर आपल्या शब्दांत म्हणावं: ‘येशू, आज मी जे काही करेन ते तुझ्या आईच्या हृदयाच्या सांत्वनासाठी. तिला टोचलेल्या काट्यांतले माझे काटे मी काढायला आले आहे.’ बस, एवढं पुरतं. दिवसभरात ते पुन:पुन्हा आठवलं पाहिजे असं नाही, पण आठवलं तर गोड वाटतं.

फेब्रुवारी १९२६ मधला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. लुसिया मठाच्या आवाराबाहेर केरकचरा टाकायला गेली होती. तिथे तिला एक लहान मुलगा भेटला आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हा बाळ येशू आहे. तो म्हणाला, पुष्कळ जण हे शनिवार सुरू करतात, थोडे पूर्ण करतात, आणि पूर्ण करणारेही वचनातल्या कृपेसाठी करतात. निरुत्साहाने केलेल्या पंधरा शनिवारांपेक्षा, आईच्या हृदयाच्या परिमार्जनासाठी जीव ओतून केलेले पाच मला अधिक आवडतील. म्हणून वचनाची चिंता वचन देणारीवर सोपवावी. आपण सोबतीला जातो आहोत, एवढंच डोक्यात ठेवावं.

पहिलं पाऊल: तारखा लिहून काढा

सोपं वाटतं, आणि इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. पहिला शनिवार म्हणजे त्या महिन्यात येणारा पहिलाच शनिवार, १ ते ७ यांपैकी कोणत्याही तारखेचा. पहिल्या शुक्रवारची येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती करणारे गृहीत धरतात की शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी शनिवार आलाच. बहुतेक महिन्यांत तसंच होतं. पण १ तारीखच शनिवारी आली तर पहिला शनिवार आधी येतो आणि पहिला शुक्रवार थेट ७ तारखेला. २०२६ चा ऑगस्ट असाच आहे. त्या महिन्यात शुक्रवारची वाट पाहत बसलात तर शनिवार हातचा जाईल.

पुढचे पाच महिने कॅलेंडर उघडून पाचही तारखांवर खूण करा. त्या दिवशी लग्न, परीक्षा, प्रवास काही आहे का ते आत्ताच पाहा. तिसऱ्या महिन्यात लांबचा प्रवास ठरलेला असेल तर तिथल्या चर्चमधली मिस्सेची वेळ विचारून ठेवा, किंवा सुरुवातच एक-दोन महिन्यांनी करा. सुरुवात कोणत्याही महिन्यापासून करता येते. मे किंवा ऑक्टोबरच हवा असं काही नाही.

साहित्य म्हणाल तर एक रोझरीची माळ आणि जवळ असेल तर बायबल. खास मेणबत्ती, खास पदक, कसलीही देणगी यांतलं काही लागत नाही. ‘हे पत्रक इतक्या जणांना वाटा, नाहीतर फळ मिळणार नाही’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते बाजूला ठेवा. मातेने तसं काही मागितलेलं नाही.

कन्फेशन

कन्फेशन त्याच शनिवारी करावं लागतं, असा समज पसरलेला आहे. खुद्द लुसियानेच त्या १९२६ च्या भेटीत विचारलं होतं की काही जणांना शनिवारी कन्फेशन करणं अवघड जातं, आठ दिवसांच्या आत केलेलं चालेल का? उत्तर मिळालं: चालेल, आणखी जास्त दिवस झाले तरीही चालेल. मात्र कम्युनियन घेताना माणूस कृपेच्या स्थितीत (म्हणजे मनावर गंभीर पाप नसलेला) हवा आणि परिमार्जनाचा हेतू हवा.

म्हणजे व्यवहारात असं करा: पहिल्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात, तुमच्या चर्चमध्ये कन्फेशनची जी वेळ असेल ती गाठा. दर महिन्याची एकच वेळ ठरवून टाकली की पाच महिने सहज निभतात. गंभीर पाप मनाला टोचत असेल तर मात्र कन्फेशन कम्युनियनच्या आधीच व्हायला हवं, नंतर करेन म्हणून चालत नाही.

हे कन्फेशन शनिवारच्या भक्तीसाठी आहे असं फादरना सांगायची गरज नाही. हेतू मनात असला की झालं. आणि तो धरायलाच विसरलात तर? लुसियाने हेही विचारलं होतं. पुढच्या कन्फेशनच्या वेळी धरावा, पहिली संधी मिळेल तेव्हा, असं तिला सांगितलं गेलं. या उत्तरांतली माया पाहा. कोणाला अडकवायला हे नियम केलेलेच नाहीत.

अनेक वर्षांनी कन्फेशनला जाणाऱ्यांची भीती मला ठाऊक आहे. आत जाऊन पहिलंच वाक्य म्हणा: ‘फादर, मला येऊन पुष्कळ वर्षं झाली, कसं करायचं ते नीट आठवत नाही, मला मदत करा.’ पुढचं ते सांभाळून घेतात. या भक्तीतल्या चार गोष्टींपैकी नवख्यांना हीच सगळ्यांत जड वाटते, आणि पाच महिन्यांनंतर मागे वळून पाहताना बरेच जण हिचंच नाव सर्वांत आधी घेतात.

मिस्सा आणि कम्युनियन

त्या शनिवारी मिस्सेला जा आणि कम्युनियन घ्या. कम्युनियनआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही हा नेहमीचाच नियम. पाणी आणि औषध चालतं. शनिवारी सकाळी मिस्सा असेल तर ती निवडावी असं मी सुचवेन, कारण मग पूर्ण दिवसाला वळण लागतं. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळच्या मिस्सेत घेतलेलं कम्युनियनही शनिवारीच घेतलेलं असतं.

शनिवार कामाचाच दिवस असेल, किंवा जवळपास शनिवारी मिस्साच नसेल, तर त्यालाही वाट आहे. १९३० मध्ये लुसियाला सांगण्यात आलं की योग्य कारण असेल आणि धर्मगुरूंनी परवानगी दिली, तर हे सगळं लगेच येणाऱ्या रविवारी केलेलंही स्वीकारलं जाईल. फक्त ती मुभा आपली आपण घ्यायची नाही. एकदा फादरना भेटून अडचण सांगा आणि विचारा.

आजारामुळे घराबाहेर पडता येत नसेल तर कम्युनियन घरी आणलं जातं. तेव्हा चर्चमध्ये निरोप देताना ‘पहिल्या शनिवारी आणाल का’ एवढं आवर्जून विचारावं. कन्फेशनही त्याच सुमारास घरी होऊ शकतं.

अजून बाप्तिस्मा न झालेल्या, पण या भक्तीकडे ओढल्या गेलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. कन्फेशन आणि कम्युनियन हे संस्कार बाप्तिस्म्यानंतरचे आहेत, त्यामुळे पाच शनिवार पूर्ण अर्थाने आत्ता होणार नाहीत. पण रोझरी आणि ती पंधरा मिनिटं सगळ्यांना मोकळी आहेत. काही कारणाने सध्या कम्युनियन घेता येत नाही अशा ख्रिस्ती भावाबहिणींनाही मी हेच सांगते: फादरशी बोला, आणि तोवर आईजवळ येऊन बसायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

रोझरी

पाच दशकं, म्हणजे माळेची एक पूर्ण फेरी. येत असेल तर पुढच्या भागाकडे वळा. नवीन असाल तर क्रम असा. क्रूस हातात धरून क्रूसाची खूण करा आणि प्रेषितांची श्रद्धेची कबुली म्हणा. मग एक प्रभूची प्रार्थना, तीन ‘नमो मरिया’, एक ‘पित्याला गौरव’. यानंतर दशक सुरू होतं: रहस्याचं नाव, एक प्रभूची प्रार्थना, दहा ‘नमो मरिया’, शेवटी ‘पित्याला गौरव’. असं पाच वेळा. पूर्ण माळेत ‘नमो मरिया’ ५३ वेळा येते.

प्रत्येक दशकानंतर म्हणायची छोटी प्रार्थना फातिमाचीच देणगी आहे. १९१७ च्या जुलैमध्ये मातेने ती मुलांना शिकवली. तिचा अर्थ असा: हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या अग्नीपासून आम्हाला वाचव, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची अधिक गरज आहे त्यांना. तुमच्या प्रार्थनापुस्तकात ती थोड्या वेगळ्या शब्दांत असेल, पुस्तकातलीच म्हणा.

शनिवारी साधारणपणे आनंदाची रहस्यं घेतली जातात, पण या भक्तीसाठी अमुकच रहस्यं हवीत असं बंधन नाही. रोझरी चर्चमध्येच म्हणायला हवी असंही नाही. घरी, प्रवासात, चालताना, एकट्याने, घरच्यांबरोबर, कशीही. मिस्सेच्या मागे-पुढे अर्धा तास मोकळा असेल तर तिथेच बसून म्हणणं सगळ्यांत सोपं.

ती पंधरा मिनिटं

आता खरी गोम. रोझरी झाली की मननही झालंच, असं समजून पुष्कळ जण उठतात. ही पंधरा मिनिटं रोझरीहून वेगळी आहेत. इथे माळ फिरवायची नाही, मरियामातेजवळ बसून रोझरीच्या रहस्यांचा विचार करायचा आहे.

मातेने पंधरा रहस्यांचा उल्लेख केला होता, कारण तेव्हा रहस्यं पंधराच होती: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. प्रकाशाची पाच पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये सुचवली. मग पंधरा मिनिटांत पंधरा रहस्यं, म्हणजे मिनिटाला एक? असंही करणारे आहेत, पण त्यात धावपळच होते. लुसिया स्वतः एका शनिवारी एकच रहस्य घ्यायची. तिने आपली रीत लिहून ठेवली आहे. पहिल्या महिन्यात आनंदाचं पहिलं रहस्य, गाब्रिएल दूताचा निरोप. आधी ती तो प्रसंग डोळ्यांपुढे आणायची, जणू आपण तिथेच उभ्या आहोत आणि दूताचं बोलणं ऐकत आहोत. मग मातेकडे नम्रता मागायची. मग तीन मुद्द्यांवर थांबायची: स्वर्गाने मरियेला कृपापूर्ण म्हटलं ते कसं; इतका मान मिळूनही ती स्वतःला प्रभूची दासी म्हणाली ते कसं; आणि ही नम्रता माझ्या वागण्यात कशी यावी. दुसऱ्या महिन्यात दुसरं रहस्य, तिसऱ्यात तिसरं. पाच झाले की पुढच्या पाच शनिवारी दुःखाची रहस्यं, नंतर गौरवाची.

तिने आपल्या आईलाही पत्र लिहून ही भक्ती करायला सांगितलं होतं. पत्राचा भाव असा: बहुधा या पंधरा मिनिटांनीच तू गोंधळशील, पण ते फार सोपं आहे, रोझरीच्या रहस्यांचा विचार कोणाला करता येत नाही? खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बाईला तिची लेक हे सांगते आहे. त्यामुळे ‘मनन वगैरे आपल्याला जमायचं नाही, ते नन्सनी करायचं’ असं कोणी म्हणू लागलं की मी या पत्राची आठवण देते.

आनंदाचं पाचवं रहस्य घेऊन एकदा करून पाहू. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा, ओवी ४१ ते ५१. सावकाश वाचा, दोनदा. बारा वर्षांचा मुलगा यात्रेच्या गर्दीत मागे राहिला आहे. बरोबरच्या लोकांत असेल म्हणून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले आहेत. आता तिथे जा. नातलगांच्या घोळक्यात एकेकाला विचारत फिरणारी मरिया बघा. ‘तुमच्याबरोबर आहे का? तुम्ही पाहिलात का?’ मग उलट वाट, यरुशलेमपर्यंत. तो तीन दिवसांनी सापडतो. तिचे शब्द ऐका: बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? त्याचं उत्तर तिला कळत नाही. शुभवर्तमान तसं स्पष्ट लिहितं. आणि तरी ती हे सगळं आपल्या अंतःकरणात जपून ठेवते.

इथे पुस्तक मिटा. तिच्या शेजारी बसा. वाटलं तर बोला: ‘आई, ते तीन दिवस तू कसे काढलेस?’ न कळणारी गोष्ट हृदयात ठेवून जगणं म्हणजे काय, ते तिला विचारा. घरातलं कोणी देवापासून दूर गेलं असेल तर त्याचं नाव घ्या, कारण हरवलेल्याला शोधत फिरणं तिला माहीत आहे. मग काही न बोलता नुसते बसून राहा. पंधरा मिनिटं कधी संपली ते कळणारही नाही. कधी कळेलही, मिनिट-मिनिट जड जाईल. तेही चालतं. सोबतीला बसलेल्यालाही कधी डुलकी येते, म्हणून त्याचं येणं वाया जात नाही.

मन भरकटलं की रहस्याचं नाव मनात म्हणून परत या. घड्याळाकडे पाहायला लागू नये म्हणून मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो पालथा ठेवा. लहान मुलं असलेल्या आयांनी बाळ झोपलं असताना बसावं, चर्चमध्येच बसलं पाहिजे असं नाही. मनात काहीच येत नसेल तर शुभवर्तमानातला उतारा थांबत थांबत वाचत राहणं हेही मननच.

पाचच का

येशूच्या पवित्र हृदयाचे शुक्रवार नऊ, मग शनिवार पाच का? लुसियाला हा प्रश्न तिच्या कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी विचारला होता. १९३० च्या मे महिन्यात, स्पेनमधल्या तुय इथे प्रार्थनेत असताना, तिला उत्तर मिळालं: मरियेच्या निष्कलंक हृदयाविरुद्ध पाच प्रकारचे अपराध होतात, त्यांच्यासाठी पाच. पहिला, ती मूळपापाविना गर्भात आली या सत्याविरुद्ध केलेली निंदा. दुसरा, तिच्या कौमार्याविरुद्ध. तिसरा, ती देवाची माता आहे हे नाकारणं आणि मानवांची आई म्हणून तिला न स्वीकारणं. चौथा, लहान मुलांच्या मनात या आईविषयी बेफिकिरी, तिरस्कार किंवा द्वेष पेरणं. पाचवा, तिच्या पवित्र प्रतिमांचा अवमान.

दर शनिवारी यांतला एकेक मनात घ्यावा असा नियम नाही, पण मला तसं करणं उपयोगी पडलं आहे. चौथ्यापाशी मी नेहमी जास्त वेळ थांबते. मुलांना शिव्याशाप ऐकवून द्वेष पेरला जातो तसा, घरात कधीच प्रार्थना न करूनही बेफिकिरी पेरली जाते. तिथे बोट दुसऱ्याकडे दाखवता येत नाही.

एक शनिवार कसा घालवावा

उदाहरणादाखल सांगते, वेळा तुमच्या तुम्ही बदला. कन्फेशन आदल्या बुधवारी झालेलं आहे. शनिवारी उठल्यावर हेतूची प्रार्थना. मिस्सेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये पोचून रोझरी. मिस्सा आणि कम्युनियन. कम्युनियननंतरचे क्षण घाईत घालवू नका. मिस्सा संपल्यावर लोक बाहेर पडले की त्याच बाकावर पंधरा मिनिटं. सगळं मिळून पावणेदोन तासांच्या आत होतं. एकत्र जमत नसेल तर तुकडे करा: सकाळी रोझरी, दुपारी मनन, संध्याकाळी मिस्सा. त्या शनिवारच्या दिवसात ते व्हावं, इतकंच.

घरच्यांनाही ओढायचा मोह होतो. बोलवा, पण जबरदस्ती नको. पहिलं कम्युनियन झालेली मुलं हे सगळं करू शकतात. त्यांना मननासाठी रहस्याचं चित्र हातात द्या आणि ‘या चित्रात तू कुठे उभा आहेस?’ एवढंच विचारा. ती पुष्कळ बोलतात.

खंड पडला तर

शनिवार सलग असायला हवेत, त्यामुळे मधला एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझा स्वतःचा एकदा चौथा शनिवार घरातल्या आजारपणात राहिला होता. तेव्हा फार हळहळ वाटली. पुढच्या महिन्यात पहिला म्हणून पुन्हा बसले, तेव्हा आधीचे तीन फुकट गेले असं काही वाटलं नाही. त्या तीन शनिवारी सोबत झालीच होती. एखादी गोष्ट अर्धवट राहिली, हेतू धरला होता की नाही आठवत नाही, मनन बारा मिनिटांचंच झालं, अशा शंका येत राहतील. मनाला लागूनच राहिलं तर फादरना विचारा आणि ते सांगतील त्यावर शांत व्हा. पुन:पुन्हा उकरत बसू नका.

पाच पूर्ण झाल्यावर वेगळं काही करावं लागत नाही. नोंद नाही, सांगता नाही, कोणाला कळवायचंही नाही. लुसिया पाच संपले की पुढचे पाच सुरू करायची. ती २००५ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी कोइंब्राच्या कार्मेल मठात वारली. तुम्हीही सहाव्या महिन्याच्या पहिल्या शनिवारवर आत्ताच खूण करून ठेवा, आणि त्या दिवशी मननासाठी दुःखाचं पहिलं रहस्य घ्या: गेथसेमनीची बाग, जिथे येशूने झोपी गेलेल्या शिष्यांना विचारलं होतं की एक तासही तुम्हाला माझ्याबरोबर जागं राहवलं नाही का.